हातपाय गार का पडतात, छाती का धडधडते? टेन्शनमधलं शरीराचं बोलणं ऐकवणारं 'बायोफीडबॅक' काय आहे?

पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली, की अमरावती-अकोल्याकडच्या गावांमध्ये दवाखान्यातल्या तक्रारी बदलतात. कुणाची रात्रभर झोप होत नाही, कुणाचा जीव घाबराघुबरा होतो, कुणाच्या छातीत धडधडतं. शहरात हेच नीटच्या परीक्षेआधी दिसतं, नोकरीच्या मुलाखतीआधी दिसतं किंवा कर्जाच्या हप्त्याचा मेसेज आल्यावर दिसतं.

डॉक्टर बीपी बघतात, ईसीजी काढतात. सगळं नॉर्मल येतं. मग सल्ला मिळतो, "टेन्शन घेऊ नका."

पण टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय? "धडधडू नको" असं सांगितल्यानं हृदय काही ऐकत नाही. इथेच बायोफीडबॅक नावाची पद्धत कामी येते. ती नेमकी काय आहे, तिचा खरंच फायदा होतो का, आणि मशीन नसेल तर त्यातलं काय घरी करता येतं? समजून घेऊया.

टेन्शन आलं की शरीरात काय होतं?

शेतात काम करताना पायाजवळ साप दिसला, तर माणूस विचार करायच्या आधीच मागे उडी मारतो. मेंदूनं धोका ओळखला, की आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेतून संदेश जातो आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, त्वचेकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. लढायची किंवा पळायची ही तयारी काही सेकंदांत होते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं आणि 'फाइट ऑर फ्लाइट' हे शब्द पुढे जगभर पोहोचले.

यासोबत दुसरी, थोडी संथ यंत्रणाही सुरू होते. तिच्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतं आणि शरीराला जास्त वेळ पुरेल अशी साखर रक्तात उपलब्ध करून देतं.

साप निघून गेला की ही व्यवस्था शांत होते. अडचण अशी, की बँकेची नोटीस सापासारखी निघून जात नाही. सोयाबीनचा पडलेला भाव, मुलीची फी, पऱ्हाटीवरची बोंडअळी, हे सगळं रात्री अंथरुणातही सोबत असतं. पळायचं कुठे आणि लढायचं कुणाशी, हे ठाऊक नसताना शरीर मात्र तयारीतच राहतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं, की झोप, पचन, रक्तदाब आणि मूड या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

बायोफीडबॅक म्हणजे नेमकं काय?

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे मल्लखांब या भागाला नवा नाही. मल्लखांबावर पकड जरा सैल झाली तर ते खेळाडूला त्याच क्षणी कळतं, कारण शरीर खाली घसरायला लागतं. चूक लगेच कळते, म्हणून सुधारताही येते. कोणतंही कौशल्य आपण असंच शिकतो: करून बघायचं, काय झालं ते बघायचं, पुन्हा करायचं.

हृदयाचे ठोके, बोटांतला रक्तप्रवाह किंवा कपाळाच्या स्नायूंचा ताण यांच्या बाबतीत मात्र हे 'काय झालं' आपल्याला दिसत नाही. बायोफीडबॅकमध्ये अंगावर सेन्सर लावून ही माहिती त्याच क्षणी पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवतात किंवा आवाजातून ऐकवतात. श्वास संथ केला की रेषा बदलते, खांदे सैल सोडले की आवाज खाली येतो. कशानं काय बदलतं हे माणूस हळूहळू शिकतो. सरावानंतर मशीन काढून टाकलं तरी ते जमावं, हा या सगळ्याचा उद्देश असतो.

म्हणजे मशीन शरीरात काहीही सोडत नाही. शॉक नाही, औषध नाही. ते फक्त आरशासारखं काम करतं.

मशीन काय मोजतं? आपल्या भाषेत आधीच आहे!

गंमत म्हणजे बायोफीडबॅकमधली बहुतेक मापं मराठी माणूस रोजच्या बोलण्यात वापरतो.

• "हातपाय गार पडले." भीती वाटली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं थंड होतात. बोटाला लावलेला तापमानाचा सेन्सर हेच मोजतो. मन शांत झालं की बोटं हळूहळू उबदार होतात.

• "तळहाताला घाम फुटला." तळहातावरच्या घर्मग्रंथी भावनांना लगेच प्रतिसाद देतात. घाम आला की त्वचेतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह जास्त सहज वाहतो. दोन बोटांना सेन्सर लावून हा फरक टिपतात.

• "छातीत धडधडलं." यात हृदयाचे ठोके मोजतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतं तेही बघतात.

• "श्वास कोंडला." छाती आणि पोटाभोवती पट्टा बांधून श्वास किती जलद आहे, तो छातीतून वरवरचा आहे की पोटापर्यंत जातो, हे पाहतात.

• "मान आखडली, दातओठ खाल्ले." कपाळ, जबडा आणि खांद्यांच्या स्नायूंतले विद्युत संदेश मोजून ताण किती आहे ते कळतं. डोकेदुखीच्या रुग्णांसाठी हे जास्त वापरतात.

याशिवाय मेंदूच्या लहरींवर आधारलेला एक प्रकार आहे. त्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात.

ही कल्पना आली कुठून?

'बायोफीडबॅक' हा शब्द रुळला तो १९६९ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे संशोधकांची बैठक झाली आणि या विषयाची पहिली संघटना उभी राहिली. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झालं, तेही याच वर्षी.

पण साधना करणाऱ्या माणसाला यंत्र लावून शरीरात काय घडतं ते मोजायचं, हे काम महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. योगक्रिया करताना शरीरात काय बदल होतात, हे ते एक्स-रे आणि रक्तदाबाच्या उपकरणांनी तपासत होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'योग मीमांसा' या नियतकालिकात हे प्रयोग छापून येत.

पुढे १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि दिल्लीच्या एम्समधले आनंद या संशोधकांनी भारतातल्या योग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदय थांबवता येतं, असा काहींचा दावा होता. तपासणीत मनगटावरची नाडी खरोखर लागेनाशी झाली, छातीतले आवाजही ऐकू येईनात. ईसीजीवर मात्र हृदय चालूच होतं! श्वास रोखून, पोटाचे आणि छातीचे स्नायू जोरात आवळल्यानं हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं होतं, म्हणून नाडी लागत नव्हती.

या प्रयोगातून एक महत्त्वाची गोष्ट दिसली. हृदयाला थेट हुकूम देता येत नाही, पण स्नायू आणि श्वास यांच्या मार्गानं त्याच्यापर्यंत पोहोचता येतं. आजच्या बायोफीडबॅकमध्ये सगळ्यात जास्त वापर होतो तो यातल्या श्वासाच्या मार्गाचा.

मिनिटाला सहा श्वास: यात काय विशेष?

निरोगी हृदय घड्याळासारखं एकसारखं टिकटिक करत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, घेताना तो सैल होतो. ठोक्यांमधल्या या चढउताराला 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' म्हणतात. सतत ताणाखाली असलेल्या माणसात हा चढउतार बहुधा कमी झालेला दिसतो.

आता रक्तदाबाचं बघा. रक्तदाब वाढला की मोठ्या रक्तवाहिन्यांमधले सेन्सर मेंदूला कळवतात आणि हृदय मंदावतं. रक्तदाब उतरला की उलट होतं. या झोक्याची एक फेरी साधारण १० सेकंदांची असते. श्वासही त्याच लयीत, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा वेळा घेतला, की दोन्ही लयी जुळतात. पाळण्याला नेमक्या क्षणी हात लावला की तो थोड्या जोरातही उंच जातो, तसा ठोक्यांमधला चढउतार वाढतो. प्रत्येकाची नेमकी लय थोडी वेगळी असते, बहुतेकांची मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या दरम्यान. ती शोधायला मशीनचा उपयोग होतो.

इटलीतले लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास मांडला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला होता.

मग खरंच फायदा होतो का?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात हार्ट रेट व्हेरिएबिलिटी बायोफीडबॅकचे २४ अभ्यास एकत्र तपासले गेले. लोकांनी स्वतः सांगितलेला ताण आणि चिंता यांत चांगली घट दिसली. पण या २४ अभ्यासांत मिळून माणसं होती फक्त ४८४. एकेक अभ्यास छोटा असला की निकाल प्रत्यक्षाहून मोठा दिसू शकतो.

ताणामुळे होणारी डोकेदुखी आणि मायग्रेन यांसाठीचे पुरावे जास्त जुने आणि भक्कम आहेत. रक्तदाबावर होणारा परिणाम माफक असतो, त्यामुळे गोळ्या बंद करून श्वासावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे.

आणखी एक प्रश्न संशोधकांमध्ये चर्चेत आहे. फायद्यातला किती वाटा मशीनचा आणि किती नुसत्या संथ श्वासाचा? ज्याला संथ श्वास सहज जमतो, त्याला मशीनची गरज कमी पडते. पण "मी तर शांतच आहे" असं म्हणत खांदे कानापर्यंत उचलून बसलेल्या माणसाला पडद्यावरची रेषा खरी परिस्थिती दाखवते.

स्मार्टवॉच 'स्ट्रेस ७८' दाखवतं, ते खरं मानायचं का?

घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची ये-जा टिपतो. त्यावरून ठोके आणि ठोक्यांमधला चढउतार काढून 'स्ट्रेस'चा आकडा तयार होतो. तुमच्या डोक्यात कर्जाचा विचार आहे की तुम्ही नुकताच जिना चढलात, हे घड्याळाला कळत नाही.

त्यात वऱ्हाडाचं ऊन! अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी अंग थंड ठेवायला शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, ठोके वाढतात, घाम येतो. घड्याळाला ताण आणि ऊन सारखंच दिसू शकतं. बोटांच्या तापमानाचं मापही अशा हवेत निरुपयोगी ठरतं, कारण बाहेरची हवाच त्वचेपेक्षा गरम असते. रात्रीची अपुरी झोप, कडक चहा, तंबाखू, ताप यांनीही आकडा बदलतो.

म्हणून मोजायचंच असेल तर सकाळी, सावलीत, चहाच्या आधी, दहा मिनिटं शांत बसून आणि रोज साधारण त्याच वेळी मोजा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतला बदल बघा. आणि नुसता आकडा बघून घाबरणं म्हणजे बायोफीडबॅक नाही. आकडा बघून काही करून पाहिलं आणि त्यानं काय बदललं हे शिकलात, तरच ते बायोफीडबॅक.

मशीनशिवाय घरी काय करता येईल?

१. पाठ टेकवून बसा. एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजा. आरामात बसलेल्या प्रौढ माणसाचे साधारण १२ ते २० होतात.

२. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि नाडी शोधा. अंगठ्यानं नाडी बघू नका, त्याची स्वतःची नाडी मध्ये येते.

३. नाकानं श्वास घेत मनात चारपर्यंत मोजा, मग सावकाश सोडत सहापर्यंत. पोट वर-खाली होऊ द्या. श्वास ओढून-ताणून खोल घेऊ नका.

४. लक्ष नाडीकडे ठेवा. श्वास घेताना ती किंचित पळते आणि सोडताना किंचित रेंगाळते, हे जाणवतंय का बघा. तरुणांना हे लवकर जाणवतं, वय वाढलं की फरक कमी होतो.

५. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, रोज. शेवटी खांदे, जबडा आणि हाताच्या मुठी सैल आहेत का ते तपासा.

गरगरलं किंवा ओठांना मुंग्या आल्या, तर श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. दम्याचा किंवा हृदयाचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हा सराव टेन्शन नसताना करायचा असतो. पोहणं पुरात शिकत नाहीत, तसंच हेही आहे.

"हे टेन्शनच आहे" असं कधी समजू नये?

ही यादी जपून ठेवा. छातीत दाब किंवा दुखणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, सोबत घाम आणि धाप असेल तर लगेच दवाखाना गाठा. श्वासाचा व्यायाम करत वेळ घालवू नका.

फवारणीनंतर घाम, मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, अंधुक दिसणं ही कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं असू शकतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले होते. अशा वेळी कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.

उन्हात काम करताना बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. वारंवार धडधडत असेल तर रक्तक्षय आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी साखर कमी झाली आहे का, तेही तपासावं.

पण कर्ज तर तसंच राहतं, त्याचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. बायोफीडबॅक शरीराचा अलार्म खाली आणायला शिकवतं. अलार्म ज्यामुळे वाजतोय ते कारण त्यानं मिटत नाही. पीकविमा, भाव, सिंचन, सावकार हे प्रश्न श्वासानं सुटणारे नाहीत. आणि ताण नैराश्यापर्यंत पोहोचला असेल, तर एकट्यानं श्वास मोजत बसणं पुरेसं नसतं.

अशा वेळी काय उपयोगी पडतं, याचं एक उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेच्या पुढाकारानं जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात यंत्रं नव्हती. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलत, मानसिक प्रथमोपचार देत. गरज असेल त्याला समुपदेशक भेटत आणि आजार जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

या कामाचे निष्कर्ष डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. पण सुरुवातीचा आकडाच बघा. नैराश्यातल्या शंभरातल्या पंचाण्णव जणांपर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं!

राज्य सरकारनंही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. अमरावती आणि अकोला दोन्ही त्यात होते. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन तणावातली माणसं ओळखावी आणि त्यांना समुपदेशनापर्यंत आणावं, अशी त्याची रचना होती.

मदत कुठे मिळेल?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल, सतत निराश वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोक ज्याला इर्विन म्हणतात तिथे, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करता येईल. गावात आशाताईंना विचारता येईल.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर आहे १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र कधीही करता येतो आणि मराठीतही बोलता येतं.

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. त्याला "टेन्शन घेऊ नको" एवढंच सांगून उठू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचं ऐका आणि हा नंबर लावून द्या.